रिकामी पळते, भरली की घाटात दम सोडते: पिकअपची ताकद जाते कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 2018 ची बीएस-4 (2020 आधीच्या धूर-नियमांची) पिकअप, 2.5 लिटरचं डिझेल इंजिन, टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) आणि कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून जोराच्या दाबाने डिझेल) असलेलं, रनिंग 1 लाख 80 हजारांच्या पुढे. हंगामात रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून कोल्हापूर मार्केटला जाते. साखरप्यापर्यंत काही तक्रार नाही. आंबा घाट लागला की पहिले दोन-तीन किलोमीटर नीट चढते, मग हळूहळू ओढ कमी होत जाते. तिसऱ्यातून दुसऱ्यात, कधी पहिल्यात यावं लागतं आणि पेडल तळाला टेकवलं तरी इंजिन 2,000 च्या वर रेस घेत नाही. काळा धूर नाही, चेक लाइट लागत नाही. बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलं की पुन्हा दोन-तीन किलोमीटर ठीक. डिझेल फिल्टर बदलून झाला, एअर फिल्टर नवा टाकला. एका गॅरेजने चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) आणि पंप काढायला सांगितला, दुसऱ्याने टर्बो. आता पैसे घालायचे ते कशावर?

माझं उत्तर: आज कशावरच नाही. तुम्ही जे सांगितलं आहे त्यातून दुखणं कुठल्या बाजूला आहे हे बरंचसं कळतं, पण एक-दोन गोष्टी तपासायच्या राहिल्या आहेत आणि त्या जवळजवळ फुकटात होतात. इंजेक्टर खराब नाहीतच असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला अजून आधार नाही, आणि ते खराब आहेत असं म्हणायलाही नाही.

आधी एक मुद्दा. रिकामी परत येताना त्रास होत नाही असं तुम्ही लिहिलंय. ते मी पुरावा म्हणून धरत नाही, कारण परतीला तो घाट उताराचा आहे. उतारावर इंजिनाला कामच नसतं. गाडी एकदा रिकामी घेऊन तोच घाट चढा. रिकामी असतानाही वर पोचेपर्यंत थोडी मरगळली, तर दुखणं मोठं आहे. अजिबात जाणवलं नाही, तर ते फक्त पूर्ण लोडवर उघडं पडतंय. दोन्हींचा तपास वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतो.

घाटात इंजिनाकडून किती काम मागितलं जातं याचा हिशेब एकदा करून बघा. मालासकट गाडी 3 टन धरू आणि चढ 100 मीटरला 6 मीटर. ताशी 40 किलोमीटरने सपाटीवर जायला चाकांवर साधारण 6 किलोवॅट पुरतात. तोच वेग चढावर राखायचा तर त्यात आणखी 20 किलोवॅटची भर पडते. म्हणजे काम चौपटीच्या पुढे गेलं. डिझेलचा खप सपाटीला तासाला अडीच लिटरच्या आसपास असेल तर चढावर तो आठ लिटरच्या वर जातो, आणि तेही सलग, मध्ये पेडल न सोडता. सपाट रस्त्यावर ओव्हरटेक करताना पेडल दाबतो ते दहा-पंधरा सेकंद. घाटात तेच दहा-पंधरा मिनिटं चालतं. म्हणून जी लाइन अर्धवट तुंबली आहे, जो होज थोडा फाटला आहे, जो पंखा अर्धवटच पकड घेतो, तो गॅरेजच्या आवारात कधीच सापडत नाही. तिथे दोन वेळा रेस देऊन 'इंजिन तर मस्त आहे' म्हणणारा मेकॅनिक खोटं बोलत नसतो. त्याच्यासमोर दुखणं आलेलंच नसतं.

तुमच्या वर्णनात सगळ्यात मोलाची गोष्ट ती दहा मिनिटांची आहे. थांबल्यावर गाडी सुधारते, पण ती कशाने सुधारते हे वेगळं काढायला हवं. पुढच्या वेळी ओढ गेली की सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि तीन प्रकारांनी थांबून बघा, दर वेळी एकच प्रकार.

पहिला प्रकार: किल्ली बंद करा, अर्धा मिनिट थांबा, स्टार्ट करून लगेच निघा. एवढ्याने ताकद परत आली तर यंत्र तसं ठीक आहे आणि ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, स्वतःहून डिझेल कापलं होतं. त्याला काहीतरी खटकलं, त्याने इंजिन मर्यादेत ठेवलं आणि किल्ली फिरल्यावर ते विसरून पुन्हा पूर्ण ताकद दिली. याला लिंप मोड म्हणतात. सगळ्याच दोषांना डॅशवर दिवा लागतो असं नाही, आणि दिव्याचा बल्बच गेलेला किंवा कोणीतरी काढून टाकलेला असतो हेही पुष्कळदा दिसतं. किल्ली ऑन केल्यावर, स्टार्टच्या आधी, चेक लाइट पेटतो का ते बघा.

दुसरा प्रकार: इंजिन बंद न करता तीन-चार मिनिटं नुसतं आयडलवर ठेवा आणि निघा. इथे किल्ली फिरलेली नाही आणि इंजिन फारसं थंडही झालेलं नाही. तरी ताकद आली तर बोट डिझेलच्या वाटेकडे जातं. टाकीत किंवा लाइनमध्ये काहीतरी आहे, जे जोराच्या ओढीने तोंडावर येऊन बसतं आणि ओढ कमी झाली की सुटतं.

तिसरा प्रकार: वरच्या दोन्हींनी काहीच झालं नाही, आणि बॉनेट उघडून वीस मिनिटं थांबल्यावरच गाडी सुधारली, तर उष्णतेचा संबंध आहे. इंजिनाचं पाणी तापतंय, किंवा पंप आणि इंजेक्टर गरम डिझेलवर प्रेशर धरत नाहीत, किंवा एखादा सेन्सर नाहीतर कॉइल गरम झाल्यावर दगा देतेय.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून माझा कल दुसऱ्या प्रकाराकडे आहे. ओढ हळूहळू जाते, खाटकन तुटत नाही. लिंप मोड बहुधा एका क्षणात येतो, पायाखालून पेडल काढून घेतल्यासारखा. पण 'हळूहळू' म्हणजे किती हे गाडी चालवणाऱ्यालाच ठाऊक, म्हणून हा कल आहे, निदान नाही.

ताकद खरंच इंजिनाचीच जातेय ना, हे आधी पक्कं करून घ्या. चढावर आरपीएम वाढतोय आणि वेग मात्र वाढत नाही, जळका वास येतोय, तर क्लच प्लेट सरकतेय. तुमचा आरपीएमच वर जात नाही, म्हणून क्लच मी बाजूला ठेवतो. ब्रेक मात्र बघा. दहा किलोमीटर सपाटीला, शक्यतो ब्रेक न मारता चालवा, थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा ठळक गरम असेल तर तिथे ब्रेक धरतोय. टायरची हवा आणि पेट्यांचं खरं वजन हेही एकदा बघा. हंगामात वीस पेट्या जास्त चढतात आणि दोष इंजिनाला लागतो.

आता धुराबद्दल, कारण दोन्ही गॅरेजांनी त्यावरूनच अंदाज बांधलेला दिसतो. डिझेल इंजिनात ताकद किती हे किती डिझेल मारलं यावर ठरतं, आणि एक किलो डिझेल नीट जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. हवा कमी आणि डिझेल जास्त झालं की काळा धूर. म्हणून जुन्या मेकॅनिकचा नियम असा: काळा धूर आणि ताकद कमी, तर हवेची बाजू बघ, धूर नाही आणि ताकद कमी, तर डिझेलची बाजू बघ. जुन्या पंपाच्या गाड्यांना हा नियम चोख लागू होता. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा इंजिनात शिरलेलं पाणी, निळसर म्हणजे ऑइल, हेही तसंच.

पण कॉमन रेलवर त्या नियमाला एक पोटकलम जोडावं लागतं. ईसीयूला सेन्सरकडून कळतं की हवा कमी येतेय, तेव्हा धूर होऊ नये म्हणून तो डिझेलही कमी करतो. म्हणजे टर्बोचा होज फाटलेला असूनही काळा धूर दिसणार नाही आणि गाडी नुसती ढिम्म चालेल. त्यामुळे 'धूर नाही म्हणजे इंजेक्टर' असं थेट म्हणता येत नाही, आणि 'घाटात चढत नाही म्हणजे टर्बो' असंही नाही. इथे आकडे लागतात.

आकडे म्हणजे स्कॅनर लावून ईसीयूने नोंदवलेले दोषाचे नुसते कोड वाचणं नव्हे. आवारात उभ्या गाडीवर कोड निघाला नाही तर बहुतेक जण स्कॅनर काढून ठेवतात. लाइव्ह डेटा, म्हणजे गाडी चालू असतानाचे आकडे, घाटात, माल भरलेला असताना, शेजारी माणूस बसवून बघायचा असतो. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघू नये. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथचे डोंगल प्रत्येक बीएस-4 पिकअपवर सगळे आकडे दाखवतीलच असं नाही, तेव्हा मेकॅनिकलाच एका फेरीला बरोबर घ्या. त्याची दिवसाची मजुरी एका इंजेक्टरपेक्षा पुष्कळ कमी पडते.

बघायचं ते हे: पेडल किती टक्के, ईसीयूने मागितलेलं रेल प्रेशर (त्या सामायिक नळीतला डिझेलचा दाब), प्रत्यक्ष रेल प्रेशर, इनटेकचं प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब), पाण्याचं तापमान आणि दिसत असेल तर डिझेलचं तापमान. आयडलला रेल प्रेशर साधारण 250 ते 350 बार असतं, पूर्ण लोडवर या पिढीच्या इंजिनात ते 1,300 ते 1,600 पर्यंत जातं. नेमका आकडा मॉडेलवर अवलंबून आहे, पण आपल्याला नेमक्या आकड्याशी कर्तव्य नाही, मागितलेलं आणि मिळालेलं यांच्यातल्या फरकाशी आहे.

ओढ गेली त्या क्षणी पेडल 100 टक्के आहे, ईसीयू 1,300 मागतोय आणि मिळतायत 800, तर डिझेल पुरत नाही. एकतर पंपापर्यंत येत नाही, नाहीतर पंपातून किंवा इंजेक्टरमधून गळून परत जातंय. पेडल 100 टक्के असून ईसीयू मागतानाच कमी मागतोय आणि तेवढं मिळतंय, तर पंप-इंजेक्टर निर्दोष आहेत. ईसीयूने हात आखडता घेतलाय, तो कशामुळे ते शोधायचं. रेल ठीक आणि इनटेकचं प्रेशर वर जात नाही, तर टर्बोची बाजू. पेडलच 100 पर्यंत जात नसेल तर पेडलचा सेन्सर, किंवा खाली सरकून आलेलं मॅट. पेडल सेन्सरला दोन ट्रॅक असतात आणि पुष्कळ गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं असतं. ते प्रमाण हळूहळू पेडल दाबताना कुठे बिघडतं का ते बघायचं.

मेमरीत पी 0087 हा कोड सापडला तर त्याचा अर्थ रेल प्रेशर कमी पडलं, एवढाच. पंप गेला असा त्याचा अर्थ नाही. पी 0299 म्हणजे बूस्ट, टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, कमी पडला. टर्बो गेला असा नाही. हे दोन कोड वाचून जितके चांगले पंप आणि टर्बो भंगारात गेले आहेत, त्याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण पैसे गाडीच्या हप्त्यात अडकलेल्या माणसाचे असतात.

समजा मागितलेल्या आणि मिळालेल्या प्रेशरमध्ये फरक सापडला. तरीही इंजेक्टरला हात लावू नका. डिझेल जिथून निघतं तिथून सुरुवात करायची, म्हणजे टाकीपासून. फिल्टर बदलला म्हणून डिझेलची बाजू तपासून झाली असं होत नाही. फिल्टरच्या आधी टाकीतली जाळी आहे, सक्शन पाइप आहे, रबरी होज आहेत, त्यांचे जोड आहेत.

तुमच्या गाडीच्या बाबतीत एक गोष्ट मला विशेष खटकते. हंगामात ती जोरात चालते आणि पावसाळ्यात बहुधा अर्ध्या टाकीवर उभी असते. कोकणातली दमट हवा टाकीच्या रिकाम्या भागात शिरते आणि रात्री पत्र्यावर पाणी धरतं. ते पाणी डिझेलच्या खाली जाऊन बसतं आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे शेवाळासारखा बुळबुळीत थर वाढतो. गंज वेगळाच. शिवाय बागेतल्या पंपासाठी ठेवलेल्या कॅनमधून गाडीत डिझेल ओतलं जात असेल, तर त्याबरोबर काय जातं हे सांगता येत नाही. एका गाडीच्या टाकीतून मी नखाच्या पापुद्र्याएवढं पातळ प्लास्टिक काढलं होतं, कॅनच्या झाकणाखालच्या सीलचा तुकडा. उभ्या गाडीत ते तळाशी निवांत पडलेलं असायचं. चढावर पेडल दाबून ठेवलं की वाहत जाऊन जाळीवर आडवं चिकटायचं, गाडी मरायची. थांबलं की सुटून परत तळाला. त्या गाडीचे इंजेक्टर आधीच कॅलिब्रेशनला जाऊन आले होते आणि दुखणं जागच्या जागी होतं.

टाकी दोषी आहे का हे बघायची सगळ्यात सरळ परीक्षा म्हणजे टाकीच वगळायची. स्वच्छ वीस लिटरच्या कॅनमध्ये पंपावरून ताजं डिझेल घ्या, कॅन मागे हौद्यात पक्का बांधा, फिल्टरला येणारा सक्शन होज कॅनमध्ये सोडा आणि रिटर्नचा होजही त्याच कॅनमध्ये आणा. रिटर्न टाकीतच ठेवला तर कॅन बघता बघता रिकामा होतो. रिटर्नचं डिझेल गरम येतं, म्हणून कॅन भरलेला असू द्या आणि होज सायलेन्सरपासून लांब बांधा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीला ही परीक्षा अशी करता येत नाही. तिथे पंप चालू असताना फिल्टरपाशी प्रेशर गेज लावावा लागतो. म्हणून आधी तुमच्या गाडीत पंप टाकीत आहे की इंजिनावरचा पंपच ओढून घेतो, ते विचारा. कॅनवर भरलेली गाडी आंबा घाट सरळ चढली, तर टाकी उतरवून धुवा, जाळी आणि पाइप बदला आणि विषय तिथे संपला. कॅनवरही तशीच मेली, तर टाकी सुटली आणि पुढे सरका.

त्याहूनही सोपी गोष्ट घाटातच करता येते. ओढ गेली की उतरून टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढली गेल्याचा स्पष्ट आवाज आला आणि नंतर गाडी लगेच सुधारली, तर टाकीची हवेची वाट बंद आहे. जसं डिझेल कमी होतं तशी आत हवा यायला हवी. ती आली नाही तर पंपाला पोकळीविरुद्ध ओढावं लागतं. मात्र झाकण उघडं ठेवून गाडी चालवू नका.

दुसरं बघायचं ते हवा घेण्याचं. फिल्टर आणि पंपाच्या मधल्या होजच्या जागी तेवढ्याच जाडीचा पारदर्शक डिझेल होज लावा आणि इंजिन चालू करून रेस द्या. स्टार्टनंतर थोडे बुडबुडे दिसून थांबले तर हरकत नाही. सतत बारीक बुडबुड्यांची रांग येत असेल तर सक्शनला कुठेतरी हवा लागतेय. अशा ठिकाणी बाहेर डिझेल गळताना दिसत नाही, कारण तिथे ओढ आतल्या दिशेने असते. फिल्टर नुकताच बदललाय ना? मग फिल्टरची ओ-रिंग, बँजोचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर आणि प्रायमिंगचा हँड पंप हे तिन्ही आधी बघा. सकाळी पहिल्या स्टार्टला जास्त वेळ सेल्फ मारावा लागतो का, तेही कळवा; हवा घेणाऱ्या गाडीत ते लक्षण बहुतेक असतं.

हे सगळं निर्दोष निघालं तरच इंजेक्टरकडे या, आणि तेही खोलायचे नाहीत. रिटर्न टेस्ट करा, म्हणजे इंजेक्टरमधून न फवारता परत जाणारं डिझेल मोजा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या मापाच्या चार बाटल्या लावायच्या, इंजिन गरम करून ठरावीक वेळ चालवायचं आणि पातळी बघायची. चारही जवळपास सारख्या असतील आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेत असतील तर इंजेक्टर प्रेशर गळवत नाहीत. एखादी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर तो एक इंजेक्टर बघा. चार कशाला? टेस्ट गरम इंजिनावरच हवी, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या भागातून जास्त निसटतं. थंड इंजिनावर घेतलेली टेस्ट तुमच्यासारख्या तक्रारीत फसवते. इंजेक्टर खरंच बदलावा लागला तर त्यावरचा कोड ईसीयूमध्ये टाकून घ्या आणि खालचा तांब्याचा वॉशर नवाच घाला. कोड न टाकता बसवलेले इंजेक्टर खडखडतात, धूर करतात, आणि मग नव्या पार्टलाच नावं ठेवली जातात.

ईसीयू स्वतःच कमी मागतोय असं दिसलं तर पहिल्यांदा पाण्याचं तापमान बघा. एप्रिल-मेचं ऊन, पूर्ण लोड, कमी वेग. रेडिएटरला पुढून वारा मिळत नाही आणि सगळी भिस्त पंख्यावर असते. तापमान 105 अंशांच्या आसपास किंवा वर गेलं की इंजिन वाचवायला ईसीयू डिझेल कापतो. डॅशचा काटा मधल्या मोठ्या पट्ट्यात हलतच नाही, त्यामुळे काट्यावर विसंबू नका. पंख्याची व्हिस्कस कपलिंग (पंख्याला इंजिनाशी जोडणारा तेलावरचा क्लच) गरम झाल्यावर पकड घ्यायला हवी. घाटात पंख्याचा घोंघावणारा आवाज कधीच ऐकू आला नसेल तर संशय घ्या. इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या मधली जागाही उघडून बघा. गवताच्या काड्या, पिसं आणि ऑइलने थापलेली धूळ यांचा नमद्यासारखा थर तिथे बसतो आणि पुढून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं.

टर्बोच्या बाजूचं काम लवकर आटपतं. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना इनटेक प्रेशरचा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो: रत्नागिरीला समुद्राजवळ 100-101 किलोपास्कल, कोल्हापुरात 95 च्या आसपास. उभ्या गाडीत 85 किंवा 110 दाखवत असेल तर सेन्सरच चुकतोय आणि ईसीयू त्या चुकीवर चाललाय. पूर्ण लोडवर हा आकडा 200 च्या आसपास किंवा वर जायला हवा. जात नसेल तर टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचा प्रत्येक होज हाताने पिळून बघा, विशेषतः क्लिपच्या कडेला आणि खालच्या बाजूला. तिथे उभी चीर असते. हाताला बंद लागते, प्रेशर आल्यावरच उघडते, आणि तिच्याभोवती ऑइलमिश्रित काळी ओल धरलेली असते. होज धड असतील तर टर्बोच्या ॲक्चुएटरला (त्याचा जोर कमी-जास्त करणाऱ्या डबीला) हँड व्हॅक्यूम पंप किंवा हवेचं प्रेशर देऊन रॉड पूर्ण फिरतो का आणि जागेवर टिकतो का बघा. व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्चुएटर असेल तर अल्टरनेटरच्या मागचा व्हॅक्यूम पंप आणि ते बारीक काळे पाइपही त्यात आले. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा अडकला तरी हवा कमी पडते, पण तेव्हा मरगळ घाटाआधीच, सपाटीलाही जाणवते. सगळंच ठीक असून गाडी दबलेली असेल तर सायलेन्सर आणि कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तुंबला आहे का ते बघावं लागेल.

हाच प्रश्न बीएस-6 गाडीवाल्याला पडला असेल, म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या गाडीचा, तर त्याने सुरुवात डीपीएफपासून, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरपासून, करावी. दोन-पाच किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत काजळी जाळायला पुरेशी उष्णता मिळत नाही, फिल्टर भरतो आणि ईसीयू ताकद कमी करतो. डीपीएफच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक स्कॅनरवर दिसतो. डीपीएफच काढून मोकळा पाइप बसवून देणारे भेटतील. बसवू नका, तो बेकायदा आहे आणि पीयूसीपासून सेन्सरपर्यंत पुढे कटकटीच लागतात.

कुठल्याही मेकॅनिककडे हे काम करून घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. जुन्या इंजिनावर चालू गाडीत एकेका नोझलचा पाइप सैल करून कुठला सिलिंडर कमी आहे हे बघायची पद्धत होती. कॉमन रेलवर ती कोणालाही करू देऊ नका. त्या पाइपमध्ये शेकडो बारचं प्रेशर असतं. तिथून सुटलेली डिझेलची धार कातडी भेदून आत जाते, वरून टोचल्यासारखा बारीक ठिपका दिसतो आणि आत बोट सडायला लागतं. असं झालंच तर दुखत नसलं तरी तासाभरात हॉस्पिटल गाठायचं आणि 'हाय प्रेशर डिझेल आत गेलंय' हे शब्द सांगायचे. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची.

आंब्याचा हंगाम आहे, गाडी उभी करून चालणार नाही, हे मला कळतं. तोवर न्यायचीच असेल तर पेट्या कमी करा, घाट पहाटेच्या गारव्यात चढा आणि ओढ जायला लागल्यावर पेडल तळाला दाबून धरू नका. एक गिअर खाली घेऊन पेडल अर्ध्यावर ठेवा, कमी डिझेलवर ती बहुधा चढत राहील. तपासासाठी थांबाल तेव्हा वळणावर नको, सरळ रस्त्यावर रुंद जागा बघा, हॅझार्ड लावा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका आणि मागच्या चाकामागे दगड ठेवा. इंजिन बंद पडलं तर ब्रेकची व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंगही जड होतं. म्हणून उतारावर मागे सरकत असताना इंजिन बंद करायचं नाही. तीन प्रकारच्या थांबण्यातला कुठला लागू पडला, झाकण उघडल्यावर आवाज आला का, आणि सकाळचा स्टार्ट कसा आहे, एवढं कळवा. मग कॅनची परीक्षा आधी करायची की स्कॅनरची फेरी, ते सांगतो.